‘एक्समध्ये अर्धा मिळवा, झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथॉन भाषेतलं आलेख काढायचं साधन) ठिपक्याशेजारी त्याचं नाव लिहिताना ते ‘ऑफसेट पॉइंट्स’नी, म्हणजे कागदावरच्या ठरावीक अंतरानं सरकवा, असं मी लेखात सांगितलं होतं. त्यावर ‘ऑफसेट पॉइंट्सचं एवढं पुराण कशाला? एक्स-वायमध्ये ०.५ मिळवा, झालं. शिकवायला निघालेल्यांनी आधी स्वतः शिकावं,’ असं तुम्ही लिहिलंत. यातलं शेवटचं वाक्य कशासाठी? मतभेद असू द्या, पण नागपुरात आपण अनोळखी माणसालाही ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो. तेवढी रीत इथेही पाळा.

आता तुमचा ०.५. माझ्या लेखातलाच आलेख घ्या. विदर्भाचे ११ जिल्हे. आडव्या अक्षावर मे महिन्याचं कमाल तापमान, ४० ते ४८ अंश. उभ्यावर वर्षाचा पाऊस, ० ते १६०० मिलिमीटर. अर्धा अंश म्हणजे रुंदीचा सोळावा भाग. अक्ष सहा इंचांचा असेल तर नाव ठिपक्यापासून जवळपास एक सेंटिमीटर लांब जातं. अर्धा मिलिमीटर पाऊस मात्र उंचीचा ३२००वा भाग, तो डोळ्यांना दिसतही नाही. ‘गडचिरोली’ उजवीकडे पळालं, वर तसूभरही सरकलं नाही! अकोला-अमरावतीचा कोपरा मोठा करून पाहा, अंतर आणखी वाढेल. आणि लॉग अक्षावर, जिथे १, १०, १०० सारख्याच अंतरावर असतात, १ पाशी ०.५ म्हणजे ऐसपैस जागा, १००० पाशी जवळजवळ काहीच नाही.

मॅटप्लॉटलिबच्या एनोटेट या नाव लिहिणाऱ्या आज्ञेला ५ पॉइंटचा ऑफसेट सांगितला की हा प्रश्नच उरत नाही. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणजे ५ पॉइंटचे पावणेदोन मिलिमीटर. अक्षावर अंश असोत की रुपये, नाव ठिपक्यापासून तेवढ्याच अंतरावर राहतं.

हे मी कुठून उचलून सांगत नाही. धंतोलीतल्या एका कचेरीत छापील अहवालांचे आलेख करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आकडे बदलले की अक्षाची मर्यादा बदलायची, आणि प्रत्येक नाव हातानं पुन्हा जागेवर आणावं लागायचं. छपाईच्या आदल्या रात्री ते काम ज्यानं केलंय त्याला ‘स्वतः शिका’ म्हणताना जरा विचार करावा.

देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, ही तक्रार मान्य. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा डेजाव्हू सान्स फॉन्ट देवनागरी दाखवत नाही. नोटो सान्स देवनागरी निवडायची ओळ लेखात टाकली आहे. भंडारा-गोंदियाची नावं एकमेकांवर चढतात म्हणता, त्यासाठी नावं आपोआप बाजूला सरकवणारं ॲडजस्टटेक्स्ट आहे. तो वेगळा विषय, इथे काढू नका.

यापुढे लिहाल तर ०.५ मिळवून काढलेला तुमचा आलेख सोबत जोडा. नुसत्या शेऱ्यांना मी उत्तर देणार नाही.