फ्रान्सचे दिवाळे राणीच्या दागिन्यांमुळे निघाले नव्हते

राणी मारी आंत्वानेतच्या उधळपट्टीने फ्रान्सचा खजिना रिता झाला व त्यातून १७८९ ची क्रांती घडली, असा संदेश सध्या फिरत आहे. ती उधळी होती हे खरेच. परंतु १७८८ च्या सरकारी हिशेबात संपूर्ण राजदरबाराचा खर्च एकूण खर्चाच्या सुमारे ६ टक्केच दिसतो, तर जवळपास निम्मी रक्कम कर्ज व व्याज फेडण्यात जात होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग सप्तवार्षिक युद्धामुळे (१७५६–६३) व अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सहभागामुळे (१७७८–८३) साचलेला होता. सरदारवर्ग व धर्मसंस्था यांना करांत मोठ्या सवलती असल्याने हा भार मुख्यतः शेतकऱ्यांवर पडे. त्या सवलती कमी करण्याचे राजाच्या मंत्र्यांचे प्रयत्न वरिष्ठ न्यायालयांनी वारंवार अडवले. तरी मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास तेथे हा खुलासा जोडावा.