हळदीने गळती थांबेल, हेडचं काय?

“गाडी तापून कूलंट गळायला लागलं तर गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. झाकण उघडून थंड पाणी ओता, दोन चमचे हळद टाका, थर्मोस्टॅट काढून फेका, पुढे कूलंटऐवजी नळाचं पाणी वापरा.” उन्हाळा लागला, गाड्या घाट चढायला लागल्या, की हा मेसेज हमखास फिरतो. पाठवणारा बहुधा ‘आमच्या काकांनी केलं होतं’ असंही जोडतो. काकांची गाडी कोणती होती, हे मात्र सांगत नाही.

आधी झाकण, कारण बाकीच्या सल्ल्यांनी इंजिन जातं, याने तोंड भाजतं. रेडिएटरचं ते झाकण आत साधारण 1 बार (बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) जादा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि उकळतं पाणी वाफेसकट अंगावर. इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, निदान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावून ठेवता आला, तरच जाड फडकं घेऊन झाकण हळूहळू सोडा. लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतून ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) किंवा हेड (त्यावर बोल्टने बसवलेला वरचा भाग) तडकवलेले लोक कमी नाहीत.

हळदीवरून मी फार भांडणार नाही. रेडिएटरच्या जाळीला सुईएवढं भोक असेल, तर हळद तिथे जाऊन बसते आणि घाटातून पुढच्या गावापर्यंत पोचवते. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद होत्या, त्यांना ते पचायचं. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीत आणि हीटरच्या बारीक नळ्यांत तीच हळद चिखल होऊन बसते. फाटलेला होज, वॉटर पंपाचं गेलेलं सील, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची चीर, यांवर तर तिचा काडीचा उपयोग नाही.

पण मेसेजची खरी गफलत पुढे आहे. त्याच्या मते गळती थांबली की दुखणं संपलं. बहुतेक गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि बऱ्याच इंजिनांत त्याखालचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. जास्त तापलं की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट (हेड-ब्लॉकमधली फट बंद करणारा पातळ थर) उडतं. मग बाहेर थेंबही न दिसता कूलंट कमी होत राहतं: सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, थंड इंजिन सुरू केल्यावर उघड्या रेडिएटरमध्ये थांबतच नाहीत असे बुडबुडे.

“काटा खाली आला म्हणजे झालं,” असंही त्यात आहे. पाणी पार संपलं की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाच काटा खाली येऊ शकतो!

म्हणून कूलिंग सिस्टीमला हातपंपाने दाब देऊन गळती कुठे आहे ते आधी बघावं लागतं. गॅस्केटचा संशय असेल तर हेड उतरवायचं, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून वाक मोजायचा. कित्येक इंजिनांत मर्यादा 0.05 मिलिमीटर, म्हणजे केसापेक्षाही कमी. त्यापुढे गेलं तर मशीन शॉपला फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. हे न करता नुसतं नवं गॅस्केट टाकणारा मेकॅनिक तुमचे पैसे वाचवत नाही, तो तुम्हाला परत बोलावतोय. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. काही इंजिनांत ते ताणले जातात, तिथे नवेच लागतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, अडकला असेल तर बदला. काढून फेकलात तर इंजिन धड तापत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त खातं. आणि बायपासवाल्या (रेडिएटर टाळणारी वेगळी वाट असलेल्या) काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून उलट जास्तच तापतं.

राहिलं नळाचं पाणी. अडल्या वेळी, इंजिन गार झाल्यावर, जरूर घाला. पण बोअरच्या पाण्याने घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसाच तो ब्लॉकमध्येही चढतो, शिवाय बिडाला गंज. घरी आल्यावर ते काढून, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच कूलंट भरा. रंग बघून घेऊ नका; हिरवा-लाल हा कंपन्यांचा आपापला कारभार आहे. आणि भरल्यावर आतली हवा काढायला सांगा, नाहीतर हेडमध्ये फुगा अडकतो आणि पुढच्याच चढावर गाडी पुन्हा तापते.