रुसलेल्या डिस्कची समजूत
फाईल कॉपी करता करता टर्मिनल अचानक मुकं होतं. कंट्रोल-सी दाबा, ढिम्म. किल -९ सोडा, तेही फुकट. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या पीएस कमांडच्या यादीत त्या प्रोसेससमोर ‘डी’ दिसला की मी सरळ चहाचं आधण ठेवतो. ती डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसलेली असते आणि तोवर यमाचंसुद्धा ऐकत नाही.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्कझी डिस्कला (स्कझी ही डिस्कशी बोलायची एक पद्धत) दर कमांडमागे ३० सेकंद देतो. सॅस कार्डाला (एकाच वेळी अनेक डिस्क जोडणारं कार्ड) लावलेल्या साध्या साटा डिस्कलाही तेवढेच. उत्तर नाही आलं, तर आधी ती एकच कमांड रद्द करून बघतो. तेही नाही जमलं की प्रकरण एरर हँडलरच्या थ्रेडकडे, म्हणजे बिघाड निस्तरणाऱ्या कर्नलच्या कामगाराकडे, जातं आणि तलाठ्याकडून कलेक्टरपर्यंत सरकणाऱ्या अर्जासारखं वर चढू लागतं: डिव्हाइस रीसेट, टार्गेट रीसेट, बस रीसेट, होस्ट रीसेट. ड्रायव्हरवाल्यानं मधली पायरी लिहिलीच नसेल, तर थेट पुढची. ड्रायव्हर ‘सक्सेस’ म्हणाला तरी कर्नल भोळा नाही. तो डिस्कलाच ‘टेस्ट युनिट रेडी’ विचारतो आणि १० सेकंद थांबतो. बस किंवा होस्ट रीसेटनंतर तर सगळं स्थिरस्थावर व्हायला आणखी १० सेकंद नुसतेच.

खरा छळ पुढेच आहे. हा थ्रेड होस्टमागे, म्हणजे कार्डामागे, एकच. त्या कार्डावरच्या चालू कमांडा एकतर पुऱ्या होईपर्यंत नाहीतर फसेपर्यंत तो कामाला लागत नाही, आणि लागला की नव्या कमांडांना दार बंद. आठांतली एक डिस्क रुसली की सात धडधाकट डिस्क हाताची घडी घालून बसणार!

बरं, ती रुसलेलीही मेलेली असतेच असं नाही. डेस्कटॉपसाठीच्या बऱ्याच डिस्क एक खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटासा कप्पा) वाचायला ३० सेकंदांहून कितीतरी जास्त वेळ आतल्या आत झटतात. त्या नादात रीसेटलाही ओ देत नाहीत. कर्नल पायऱ्या चढत जातो आणि शेवटी वैतागून डिस्क ऑफलाइन करतो. एका सेक्टरपायी रेडमधून, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटातून, आख्खी डिस्क बाद.

म्हणून डिस्कची तब्येत बघणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडच्या एससीटीईआरसी पर्यायाला (खराब सेक्टरवर किती वेळ झटायचं, ती मर्यादा) ७०,७० द्या. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७ सेकंद. मग डिस्क वेळेत हात वर करते आणि रेड तो डेटा दुसरीकडून घेऊन सेक्टर पुन्हा लिहितो. वीज गेली की डिस्क हे विसरते, तेव्हा बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्कला हा पर्यायच नसेल, तर सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंगच्या फाईली) तिच्या टाइमआउट फाईलमध्ये १८० लिहा. घाई म्हणून ३०चे ५ करणारे महाभागही असतात. त्यांना माझा दुरून नमस्कार.

रीसेटनंतर डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘पॉवर-ऑन ऑर डिव्हाइस रीसेट ऑकर्ड’ दिसलं तर दचकू नका, डिस्क फक्त शुद्धीवर आल्याचं कळवते आहे. ऑफलाइन गेलेलीला सिसएफएसमधल्या तिच्या स्टेट फाईलमध्ये ‘रनिंग’ लिहून परत उभं करता येतं. पण आधी केबल आणि पॉवरचा कनेक्टर हलवून बघा. तो सैल असेल तर रनिंग कितीही वेळा लिहा.