रेडिएटरला एमसील फासणाऱ्यांनो

"चालून जाईल, टेन्शन नका घेऊ साहेब." हे वाक्य आता कुठल्याही गॅरेजवाल्याच्या तोंडून ऐकलं की डोकंच फिरतं माझं. काय चालून जाईल? रेडिएटरची प्लास्टिकची टाकी उभी चिरलीय, आणि तुम्ही त्यावर बोटभर एमसील फासून, नळाचं पाणी भरून गाडी हातात देता? कूलंटचं विचारलं तर म्हणे, "पाणी काय नि कूलंट काय, एकच."

एकच कसं? नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो. आणि एमसील लावा की घरच्या पाइपला! रेडिएटरमध्ये साधारण १ बारचा दाब असतो, आतलं पाणी ९०-१०० अंशांवर फिरतं. प्लास्टिक रोज तापतं, फुगतं, निवतं, आकसतं. एमसील त्याच्याबरोबर हलत नाही, सुटतं. सगळं आयुष्य ग्रीसमध्ये घातलेल्या माणसाला हे माहीत नाही? पक्कं माहीत आहे! पण नवा रेडिएटर मागवायचा म्हणजे गॅरेजची जागा अडते, आणि महिनाअखेरीला गिऱ्हाईक ५०० रुपयांत होतंय म्हटल्यावर नाही म्हणत नाही, हेही माहीत आहे.

आणि सुटलं कुठे, तर घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, पहिल्या गिअरमध्ये सरकणारी रांग. एसी गरम हवा फेकायला लागला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. तापमानाचा काटा मात्र मध्यावरच! पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा खरं सांगत नाही. मागे आई होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. त्या धुळीत, त्या हॉर्नच्या कल्लोळात तिला रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

पैसेही गेलेच म्हणा. दुसऱ्या मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडून दाखवलं, तर आतल्या बाजूला कॉफीच्या रंगाचा दुधाळ फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, उडालं, ऑइलमध्ये पाणी गेलं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं. आता हेड उतरवा, मशीनवर घासून सपाट करून आणा, नवं गॅस्केट, ऑइल, कूलंट, आणि जो तेव्हाच बदलायला हवा होता तो रेडिएटर तर आहेच.

पहिल्याला फोन केला तर मलाच विचारतो, "चढाला कशाला नेलीत?" अरे, ठाण्यातल्या माणसाने घोडबंदरला जायचं नाही? हे तात्पुरतं आहे, गाडी लांब नेऊ नका, एवढं एक वाक्य गाडी देताना बोलला असतास तर जीभ झडली असती? आता म्हणतो, गाडी आणा, रेडिएटर बसवतो, मजुरी सोडतो. हेडचं नावच काढत नाही. शनिवारी तो चिरलेला रेडिएटर आणि दुसऱ्याचं बिल घेऊन त्याच्या दारात जाणार आहे. हेडचे पैसे मागणार, आणि त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर मागणार.