पंप आहे ना, मग सुई कशाला?

आज सकाळी दमा असलेल्या आत्याला फ्लूची लस देऊन बडोद्यात कारेलीबागेत घरी आणलं, तर शेजारच्या बेन दारातच म्हणाल्या, "शुं जरूर छे? पंप तो छे ने!" त्यांचं सोडा. दुपारी आमच्या शिकल्यासवरल्या दादानेही फोनवर तेच ऐकवलं, वर म्हणे, "सुईनेच ताप येतो." तेव्हापासून डोकं तापलंय.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ओसरलं, पण घराघरांत ओल राहिली. आत्याच्या नातवाला ताप-खोकला झाला, तीन दिवसांत उतरलाही. आत्याचा उतरेना. चौथ्या रात्री ती पलंगाच्या कडेला हात टेकून, पुढे वाकून बसलेली. आडवं होता येईना. "पाणी" म्हणाली आणि थांबली, "दे" हातानेच सांगितलं. पंप घेऊन घेऊन झाला होता. पहाटे दवाखाना, ऑक्सिजन, पाच दिवस. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "फ्लूची लस दर वर्षी घेता ना?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. वीस वर्षं दम्याची औषधं चालू आहेत, पण अशी लस घ्यायची असते हे आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं!

अहो, पंप श्वासनळ्यांसाठी आहे, तो फ्लूला अडवत नाही. दम्यात नळ्या मुळातच सुजलेल्या, त्यात फ्लू आला की काय होतं ते मी त्या पलंगापाशी उभं राहून पाहिलंय. आणि इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होईलच कसा? दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बस. (नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस असते, ती दमेकऱ्यांना सहसा देत नाहीत. इंजेक्शनच घ्या.) विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून दर वर्षी नवी लस.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, मान्य. स्वस्त नाही, तेही मान्य. पण त्या पाच दिवसांचं बिल मी भरलंय, आणि ते हाताने सांगितलेलं "दे" अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दादावर ओरडायला नको होतं. त्याच्याही खिशात पंप असतो. लहानपणी सुरसागर तलावाला चक्कर मारताना तो मधेच कठड्याला टेकून उभा राहायचा, मी त्याच्यासाठी थांबायचे.

दादा, तू तेव्हा सुरतेत होतास, आत्याची ती रात्र तू पाहिली नाहीस. पावसाला अजून तीन आठवडे आहेत, लस अंगी लागायला दोन लागतात. शनिवारी दहाला तुला घ्यायला येते. आत्यापण येते म्हणतेय.