मे महिन्यातला सडा पीडीएफमध्ये मावत नाही

भाची आज तोंड पाडून घरी आली. जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेमधला फील्ड कोर्स रद्द. त्याऐवजी ग्रुपवर ड्रोनचा व्हिडिओ, सोबत मागच्या बॅचच्या रिपोर्टची पीडीएफ आणि "यावरून लिहून आणा". फी मात्र आधीच घेऊन झाली आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोरीचे मार्क त्यांच्याच हातात आहेत.

कारण काय, तर ऊन. अहो, कोकणात ऊन यंदाच पडायला लागलंय का?

आम्हाला सर राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मे महिन्यातच घेऊन गेले होते. पायाखाली तापलेला जांभा, झाडाचं नाव नाही आणि बाटल्या अकरालाच रिकाम्या. खालच्या वाडीतल्या एका आजींनी आम्हाला बघितलं, "येडी का काय पोरं" म्हणाल्या आणि उतारावरून एका झऱ्यापाशी घेऊन गेल्या. ऐन मेमध्ये वाहतं पाणी! वर कातळ आणि खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती. पाणी बरोबर दोहोंच्या सांध्यातून येत होतं. आजी म्हणाल्या, "वरचा कातळ पानी पितो, खालची माती पिऊ देत नाय. मग जाईल कुठं बापडं?" सर खूश! म्हणाले, पुस्तकातलं अख्खं प्रकरण झालं, आता वह्या काढा.

म्हणूनच मे. पावसाळ्यात सड्यावर सगळीकडेच पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे, तेव्हा कुठलाही दगड झरतो. कुठला झरा खरा ते मेमध्येच कळतं. गवत वाळलेलं असतं, दगड उघडा पडलेला असतो. हे ड्रोनला वरून काय दिसणार, डोंबल?

बरं, उन्हाने पोरं आजारी पडतात हे खरं आहे. मग पहाटे निघा, दहाला सावलीत बसा, चारला पुन्हा चाला. रद्द कसलं करता?

आणि लांब कुठे जायचंय? घाटातल्या कापलेल्या दरडीपाशी पोरांना उभं करा. वर जांभा, खाली चिकणमाती, त्याखाली अर्धवट कुजलेला आणि सगळ्यात खाली ताजा काळा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा कसा कुजत गेला, ते वरून खाली वाचता येतं. हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेने न्या, लाटांनी सपाट केलेला कातळ आणि मधाच्या पोळ्यासारखी पडलेली भोकं दाखवा. तुरळ-राजवाडीच्या गरम कुंडात हात घालू द्या. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली जांभ्याचं लॅटेराइट हे नाव छापलं, ते मलबारात लोक मऊ दगड कापून काढतात आणि वाऱ्यावर तो विटेसारखा कडक होतो हे जागेवर बघून. आपल्या चिरेखाणींत तेच रोज चालू असतं. एक दिवस पोरांना खाणीवर न्यायला काय हरकत आहे?

आणखी एक चीड येते. पोरगे काय, मित्राच्या बाइकवर बसून स्वतःच सड्यावर जाऊन येतील. कोर्स रद्द झाला की घरात बसतात त्या पोरी. कॉलेजचं पत्र, सोबत मॅडम, मुक्कामाचा पत्ता, एवढं असलं की आमच्याकडचे बाप कसेबसे हो म्हणतात. माझेही तसेच म्हणाले होते. ते पत्र नसतं तर त्या झऱ्यापाशी मी कशाला पोचते?

जाऊ दे. शिक्षकांवर एवढं ओरडूनही उपयोग नाही, म्हणा. निम्म्या जागा रिकाम्या, तासावर नेमलेली माणसं, पोराला काही झालं तर पालक त्यांच्याच अंगावर धावून जाणार. पण मग तसं सरळ सांगा ना. उन्हाचं नाव कशाला?

पीडीएफ उघडून बघितली. त्यात "सड्याच्या कडेला बारमाही झरे आढळतात" असं एक वाक्य आहे. भाचीला विचारलं, कडेलाच का? म्हणाली, मावशी, ते दिलेलं नाहीये.

रविवारी पहाटे पाचला तिला घेऊन निघतेय. गाडीत दोन जागा आहेत, जादा हातोडाही आहे. ओळखीतली जिऑलॉजीची पोरं, विशेषतः पोरी, घरात बसल्या असतील तर मेसेज करा. आईबाबांशी मी बोलते. टोपी आणि पाणी आपापलं आणायचं, आणि चपला घालून आलेल्याला गाडीत घेणार नाही.