डबल बेल

गाडी साताऱ्यातल्या समर्थ मंदिराच्या चढावर उकळली, त्याचं मला काहीएक वाटलेलं नाही. मारुती 800 आहे, 2008 सालची, सेकंडहँड घेतलेली. ती अधूनमधून उकळायचीच. राग आहे तो त्याच्यापुढच्या अर्ध्या तासाचा. तेव्हा जी उत्तरं सुचली नाहीत, ती मी अजून भांडी घासताना मोठ्यानं देतेय आणि मोलकरीण घाबरून बघतेय.

झालं होतं असं की रेडिएटरच्या फॅनची मोटर जळाली होती. मिस्त्री म्हणाले, कोल्हापूरहून मागवलीय, आली की बसवू. तोवर गाडी चालवायचीच असेल तर हीटर फुल लावून चालवा, वहिनी. ही थट्टा नव्हे. गाडीतला हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच असतो. तो चालू केला की इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिनाला तेवढाच दम मिळतो. शास्त्र अगदी बरोबर आहे. फक्त महिना एप्रिल होता, वेळ दुपारची, अंगावर काठपदर, आणि निघाले होते सज्जनगडाखालच्या परळीला, चुलत जावेच्या नातवाच्या बारशाला. हीटरचं ऐकल्यावर आमच्या ह्यांना एकाएकी बारशाच्या तयारीला हातभार लावावासा वाटला आणि ते सकाळीच दिरांच्या मोटारसायकलवरून पुढे गेले.

राजवाड्यापर्यंत ठीक होतं. गाडी पळत असली की समोरच्या वाऱ्यावर रेडिएटर निभावून नेतो. पुढे चढ लागला आणि समोर आलं वडाप, म्हणजे शेअर जीप. दर वीस पावलांवर ते एक माणूस घेणार, एक उतरवणार, आणि उतरलेला माणूस सुट्ट्या पैशांवरून वाद घालणार. मी मागे दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा एचच्या वर गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. मी गाडी कडेला घेतली, चाकामागे धोंडा लावला, बॉनेट उघडून दांडी लावली आणि उभी राहिले.

तापलेल्या गाडीचं काय करायचं असतं? काहीही नाही. थांबायचं असतं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी आत कोंडलेलं राहतं. झाकण फिरवलं की तेच थेट तोंडावर येतं. म्हणून झाकणाला हात लावायचा नाही, घाईनं गार पाणी ओतायचं नाही, नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड तडकतं. नुसतं उभं राहायचं. पण साताऱ्यात उघड्या बॉनेटशेजारी नुसतं उभं राहू देतील तर शपथ.

"तापली?"

पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला मफलर. एप्रिलमध्ये. हातातल्या पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावत होत्या.

"हो, तापलीय."

"सायेब कुटायत?"

"पुढे गेलेत."

त्यांनी परळीच्या वाटेवरच्या बोगद्याच्या दिशेनं पाहिलं. साहेब पाणी आणायला गेले असणार, असा त्यांचा समज झाला. "मंग येऊ द्या," म्हणाले, पिशवी माझ्या टपावर ठेवली आणि माझ्याशेजारी उभे राहून साहेबांची वाट बघू लागले.

दोन मिनिटं मी गप्प बसले. मग म्हटलं, "अहो, ते बारशाला गेलेत. गाडी माझी आहे."

"तसं न्हवं ताई. चालवतंय कोन?"

"मीच."

"ते दिसतंयच. मी म्हंतो, गाडीतलं बगतंय कोन?"

"तेही मीच."

यावर ते इतकं मायेनं हसले की मला पहिल्यांदा खरा राग आला. अंगणवाडीतल्या पोरीनं पाढा म्हणून दाखवावा आणि मास्तरांनी कौतुक करावं, तसलं हसू.

"पस्तीस वर्सं यष्टीत काडली," ते म्हणाले. "सातारा-स्वारगेट."

मला उगाच आशा वाटली. "ड्रायव्हर होतात?"

"कंडक्टर!" त्यांनी मफलर सारखा केला. "डायवर काय ओ, नुसता म्होरं बगून चालवतोय. आक्की गाडी बगायची म्हंजी कंडक्टरच. खंबाटकीत रोज तापायची. गाडी थांबवायची, झाकान काडायचं, पानी वतायचं, की डबल बेल."

"झाकण कोण काढायचं?"

"डायवर."

आणि एवढं बोलून त्यांनी झाकणाला हात घातला. मी ओरडले. कशी ओरडले ते मला आठवत नाही, पण समोरच्या दुकानातली दोन माणसं, क्लासवरून येणारी तीन पोरं आणि एक पाववाला असे सगळे गोळा झाले. म्हणजे कंडक्टरांना आता पॅसेंजर मिळाले.

क्लासच्या पोरांतला चष्मेवाला म्हणाला, "काकू, ई-20 मुळं झालं असेल." ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. तापण्याशी त्याचा संबंध नव्हता, पण पोरानं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. माझं माहेर कराडकडचं. माहेरचा ऊस कारखान्यात जातो आणि तसल्याच उसाचं इथेनॉल होऊन माझ्या टाकीत येतं. माहेरून इतक्या नियमितपणे दुसरं काहीच आलेलं नाही. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांशानं कमी, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि माझ्या गाडीचे रबरी पाइप ज्या काळात बनले त्या काळात कुणी त्यांना हे येणार असल्याचं सांगितलं नव्हतं. पेट्रोलचा पाइप बदलून झाला. पंपावर विचारलं, साधं आहे का? पोरगा म्हणाला, हेच साधं आहे. लिटरचा भाव काही उतरलेला नाही. तरी तोंड उघडायची सोय नाही, कारण भाऊ म्हणतो, ताई, आमच्या उसाच्या बिलाबद्दल बोलू नकोस.

असो. मी हे सगळं मनात बोलत होते तोवर मागे चौघांनी गाडीला खांदे लावले होते.

"अहो, धक्का नकोय! गाडी चालू होत नाही असं नाहीये. ती गरम आहे. मला चालू करायचीच नाहीये!"

हे कुणालाही पटलं नाही. बंद गाडी दिसली की धक्का मारायचा, हा आपल्याकडे माणुसकीचा भाग आहे. त्यात गाडीच्या मालकाचं मत घेत नाहीत, मालकिणीचं तर नाहीच. कंडक्टरसाहेब टपाशी उभे राहिले. "मागं सरका, मागं सरका, मदी जागा ठिवू नका," असं चौघांना दाटीवाटीनं लावून घेतलं आणि पत्र्यावर दोनदा टकटक केलं. डबल बेल. गाडी चढावर हातभर सरकली. मी एका हातानं निऱ्या आणि दुसऱ्या हातानं खिडकीतून स्टिअरिंग धरून पळतेय. पाववाला दमला. गाडी मागे येऊ लागली. मी दार उघडून कशीबशी हँडब्रेक ओढला, तेव्हा कंडक्टरांनी शांतपणे एक टकटक केली. सिंगल बेल. मग खाली वाकून माझाच धोंडा माझ्याच चाकामागे सरकवला आणि जमावाला म्हणाले, "धोंडा लावायला पायजे, म्हायती न्हसतंय लोकास्नी."

त्यानंतर त्यांनी मोल करायला घेतलं.

"कितीचं मॉडेल?"

"2008."

"इकायची का?"

"नाही."

"पंचवीस देतो."

"विकायची नाहीये."

ते गाडीभोवती फिरले. नंबर वाचला. "एम.एच. बारा. पुन्याची? म्हंजी ट्रॅफिकमदी क्लच खाल्ला आसंल. बावीस." टायरच्या नक्षीत करंगळी घालून बघितली. दाराखालचा पत्रा नखानं खरवडला, गंजाची पापडी निघाली, ती त्यांनी तळहातावर घेऊन मला आणि पाववाल्याला दाखवली. "सोळा. मेव्हन्याच्या पोराला शिकायला."

शिकायला! म्हणजे ठोकायला. माझी गाडी.

इथे मला जमाखर्च मांडावासा वाटतो, कारण रस्त्यावर तो मांडता आला नाही. पंधरा वर्षं झाली म्हणून गाडीचं रजिस्ट्रेशन नव्यानं केलं. पूर्वी त्याला 600 रुपये लागायचे. 1 एप्रिल 2022 पासून 5,000. त्यावर हरित कर. मग नवीन नंबर प्लेटा आल्या, 745 रुपये आणि वर जीएसटी, आणि तारीख मिळवायची वेगळी. गाडीला वीस वर्षं झाली की रजिस्ट्रेशनचे 10,000 ठेवलेत. म्हणजे सोळा हजारांच्या गाडीला दहा हजारांचा कागद. 2025 च्या सप्टेंबरात छोट्या मोटारींचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला तेव्हापासून तर बिल्डिंगमधलं शेंबडं पोरसुद्धा विचारतंय, "काकू, आता तरी नवी घेणार का?" घेऊ की. हप्ते तू भर. जुनी गाडी नीट राखून चालवणाऱ्या माणसाला शिक्षाच करायची ठरवलं असेल तर एकदा तसं सांगून टाकावं. एवढे कागद कशाला?

मिस्त्रीसुद्धा आपलेच. गाडी गॅरेजला मी नेते, काय वाजतंय ते मी सांगते, पैसे मी देते. आणि लोकल पार्ट टाकू की ओरिजिनल हे विचारायला फोन मात्र ह्यांना. ह्यांना गाडीतलं पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेवढंच माहीत आहे. ते "घरी विचारून सांगतो" म्हणतात आणि मला फोन लावतात. मी सांगते, ओरिजिनल. मग हे मिस्त्रींना सांगतात, ओरिजिनल. मिस्त्री म्हणतात, "साहेबांना कळतं बरं का."

तर, गाडी निवली. बॉनेटला हात टेकवता येईपर्यंत मी थांबले, मग फडकं धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं. फुस्स झालं. गर्दी दोन पावलं मागे गेली. मग पूर्ण काढलं, इंजिन चालू केलं आणि पाणी धार धरून हळूहळू घातलं. गाडी एका सेल्फला लागली होती. तीन सिलिंडरची ती घरघर ऐकून मला भरून यायला हवं होतं, पण कंडक्टर गर्दीला सांगत होते, "बगा, धक्क्यानं कशी लागली."

आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसले. शेंगा मांडीवर. "बोगद्यापतूर सोडा."

मी काच खाली केली नाही, हीटर मात्र फुल केला.

पहिल्या वळणाला मफलर निघाला. दुसऱ्याला स्वेटर. "ताई, ह्ये गरम वारं कशाचं वो?" मी म्हटलं, इंजिनाचं. "बंद करा की!" म्हटलं, बंद केलं तर गाडी तापेल, आख्खी गाडी बघायची असते ना. ते काही बोलले नाहीत. शेंगासुद्धा माना टाकू लागल्या होत्या. बोगदा बराच लांब असताना त्यांनी टपाला आतून एकदा टकटक केलं. सिंगल बेल.

उतरले, घाम पुसला, खिडकीत वाकले. "बारा. सायबास्नी इचारून सांगा."

परळीत पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं. साडीचा काळा पडलेला काठ धुता धुता मी ह्यांना सगळं सांगितलं. धक्का, गंजाची पापडी, हीटर, बारा हजार, सगळं. ह्यांनी पेढा संपवला, विचार केला आणि म्हणाले, "बाराला कसं देणार? आधी सोळा म्हणाला होता ना?"